काम येत नसल्याचं प्रतिज्ञापत्र

माझ्या हातून आयुष्यात एकच कागद असा लिहिला गेला, की ज्याची सरकारदरबारी तारीफ झाली. कलेक्टर कचेरीतल्या शिरस्तेदारानं तो वाचून आमच्या वकीलसाहेबांना मुद्दाम विचारलं, "हा मसुदा कुणाचा?" साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. त्या दिवशी मी घरी जाताना पावशेर पेढे घेऊन गेलो. त्या कागदानं एका माणसाचं काय केलं, हे कळायला पुढं अडीच वर्षं गेली. पेढे मात्र त्याच दिवशी संपले.

मी तेव्हा सोलापुरात एका वकिलांकडे कारकून होतो. वकील विद्वान होते आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. बांधाचे आणि वाटणीचे दावे चालवून त्यांना कंटाळा आला होता. जर्मनांशी झालेली पहिली मोठी लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा एका गिरणीचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्यांचा चेहराच पालटला. काम होतं विलायतेपलीकडून माणूस आणण्याचं. गिरणीला एक जर्मन रंगमास्तर हवा होता.

माणूस बाहेरून आणायचा म्हणजे एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. निजामाच्या मुलखातून विणकरांची कुटुंबंच्या कुटुंबं, मागाची लाकडं डोक्यावर घेऊन, सोलापुरात येत होती. त्यांना नाक्यावर कुणी नाव विचारत नसे. पण जर्मन माणसाची गोष्ट वेगळी. तो लढाईतला शत्रू. त्याला हिंदुस्थानात पाऊल ठेवायचं तर सरकारची खास परवानगी लागे. त्या परवानगीसाठी अर्ज, अर्जाला दाखले, दाखल्यांना नकला, नकलांवर सह्या. शंभर माणसं फुकट येतात आणि एकासाठी टेबलभर कागद होतो, हे पाहून वकीलसाहेब खूश होते. "कायदा म्हणतात तो हा," ते मला म्हणाले.

गिरणीचं नाव सांगत नाही. तिच्या लुगड्यांचा लाल काठ पार गुलबर्ग्यापर्यंत प्रसिद्ध होता, एवढं पुरे. आमच्या घरीही एक लुगडं होतं. बायकोनं ते दगडावर किती आपटलं तरी काठाचा रंग पाण्यात उतरत नसे. तो रंग लढाईच्या आधी एक जर्मन मास्तर बसवायचा. लढाई पेटली तशी पोलीस आले आणि त्याला नगरच्या कैद्यांच्या छावणीत घेऊन गेले. जर्मनीहून येणारे रंगाचे डबेही बंद झाले. रंगखात्याची खोली, त्यातलं टेबल, खुर्ची, सगळ्याला मॅनेजरनं कुलूप घातलं.

लुगडी मात्र निघत राहिली, आणि काठ लालच राहिला.

हे कसं झालं, तर त्या मास्तराच्या हाताखाली एक पद्मसाळी रंगारी होता. सगळे त्याला मामा म्हणत. घरात तेलुगू बोलणारा, बाहेर आमच्यासारखंच सोलापुरी मराठी. डबे संपले तेव्हा मामानं आल नावाच्या झाडाच्या, लाल रंग देणाऱ्या मुळ्या गावोगावहून गोळा केल्या, कुटल्या, उकळल्या. डबे पुन्हा यायला लागले तेव्हा डब्यांतला रंग वापरला. असं दहा वर्षं चाललं. त्याचा हुद्दा मात्र मदतनिसाचाच राहिला. कुणाचा मदतनीस, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. कुलूप घातलेली खोली उघडून रोज सकाळी तो ती खुर्ची पुसायचा आणि पुन्हा कुलूप लावायचा.

त्याला ती खुर्ची हवी होती. हे त्यानं लपवलं नव्हतं. त्याच्या बायकोनं तर चाळीत सांगून ठेवलं होतं, की आज ना उद्या आमच्या घरचं माणूस मास्तर होणार. पण मॅनेजरचा असा पक्का समज होता, की साहेब शेजारी उभा असल्याशिवाय लाल रंग खरा लाल होत नाही. दहा वर्षं तो झालेला दिसत होता, त्याला मॅनेजरचा इलाज नव्हता.

आमच्या अर्जावर कलेक्टर कचेरीनं एक शेरा मारून तो परत पाठवला. हे काम करणारा इसम या देशात मिळत नाही याचा पुरावा जोडावा, असा तो शेरा. वकीलसाहेबांनी पहिल्यांदा इंग्रजी पेपरात जाहिरात दिली. रंगमास्तर पाहिजे, जर्मन वाचता आलं पाहिजे, जर्मन बोलता आलं पाहिजे, जर्मनीत काम केलेलं असलं पाहिजे. जर्मन आई-बाप असले पाहिजेत, एवढंच लिहायचं राहिलं होतं. अर्ज आला नाही. ते कात्रण आम्ही मोठ्या मानानं डकवून पाठवलं. त्यावर कचेरीनं दुसरा शेरा मारला, आणि तो शेरा कुणी हुशार माणसानं मारला असावा. गेली दहा वर्षं हे खातं कोण चालवतो, एवढंच त्यात विचारलं होतं.

वकीलसाहेब दोन दिवस कायद्याची पुस्तकं चाळत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जो चालवतो त्यालाच सांगू दे, की मला येत नाही."

मॅनेजरनं मामाला पुढं घालून आमच्याकडे आणलं. त्याला काय सांगितलं होतं ते मॅनेजरनं आमच्यासमोर पुन्हा सांगितलं. साहेब दोन वर्षांच्या करारावर येणार. दोन वर्षं मामानं त्याच्या हाताखाली राहायचं. साहेब गेला की खुर्ची मामाची. "फक्त आत्ता तेवढी एक सही करा. त्याशिवाय साहेब येत नाही, आणि साहेब आल्याशिवाय जात नाही," मॅनेजर म्हणाला. यात तसं चुकीचं काहीच नव्हतं.

मामा खुर्चीवर बसला नाही. हात कोपरापर्यंत लाल होते आणि आमची खुर्ची वेताची होती, डाग पडेल म्हणाला. तो ओटीवर खाली बसला, मी दौत-टाक घेऊन समोर बसलो.

"मामा, रंगात चुना किती घालता?"

"ते पाण्यावर हाय की, भाऊसाहेब. सकाळी विहिरीचं पाणी तोंडात घ्यायचं. उन्हाळ्यात लई कडक असतंय, तवा चुना नको. पावसाळ्यात मऊ पडतंय, तवा पायजे."

"पण माप किती?"

"जिबंला कळतंय."

"पाणी किती तापवायचं?"

"हात घालायचा. मारकंड्याचं नाव तीन डाव घेईपतूर हात आत ठरला पायजे. चवथ्याला काढावासा वाटला पायजे."

"आणि कापड किती वेळ बुडवायचं?"

त्यानं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "झालं की ते दिसतंय, भाऊसाहेब."

मी लिहीत होतो, आणि लिहिता लिहिता माझ्या अंगात कला संचारली. सदर इसम पाण्याची परीक्षा तोंडात घेऊन करतो. सदर इसमास उष्णता मोजण्याचे यंत्र ठाऊक नसून तो देवाचे नाव घेऊन अंदाज बांधतो. वजन, माप व घड्याळ यांचा उपयोग तो करीत नाही. एकेक उत्तर त्याच्या तोंडून निघत होतं आणि माझ्या टाकातून उलटं होऊन इंग्रजीत उतरत होतं. एक अक्षर मी खोटं लिहिलं नाही. शेवटी फक्त एक ओळ जोडली: सबब रंगमास्तराचे काम आपणास येत नाही, असे प्रतिज्ञेवर लिहून देतो. ती ओळ लिहिल्याशिवाय बाकीच्या कागदाला अर्थच नव्हता.

मामाला मी थोडक्यात सांगितलं, की मास्तराचं काम येत नाही असं यात आहे. 

"हे खोटं न्हाय व्हय?"

"अहो मामा, कागद आहे हा," मी म्हणालो. "कागदाला कोण विचारतंय? साहेब आला की फायलीत पडेल."

माझ्या तोंडचं हे वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

मामलेदार कचेरीत मॅजिस्ट्रेटपुढं त्याला उभं केलं. ईश्वरसाक्ष खरं सांगेन, हे शब्द पट्टेवाल्यानं म्हटले आणि मामानं मागून म्हटले. ते म्हणताना त्यानं पायांतल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या. देवाचं नाव घेताना त्याच्या घरात तसं करत असावेत. मॅजिस्ट्रेटनं "समजलं का?" विचारलं, त्यानं "व्हय" म्हटलं आणि तेलुगूत सही केली. मला कागद कलेक्टर कचेरीत पोचवायची घाई होती. त्या वहाणांकडे मी पाहिलं आणि पुढं निघालो.

परवानगी आली. मागून साहेबही आला. हा उंच, किडकिडीत, तिशीचा माणूस. बरोबर तराजू, काचेच्या नळ्या, थर्मामीटर आणि जाडजूड वही. मॅनेजरनं हार घातला. दुसऱ्या दिवशी त्यानं वहीत पाहून पहिली भट्टी लावली आणि काठ निघाला विटकरी. दुसरी लावली, तो जांभळट. तिसऱ्या भट्टीचं लुगडं पाण्यात घातलं तर सगळं पाणी लाल झालं आणि काठ जवळजवळ पांढरा. आठवडाभर असं चाललं. गोदामात न खपणाऱ्या लुगड्यांचा ढीग झाला.

आणि हे सगळं होत असताना मामा हात बांधून भिंतीशी उभा.

मॅनेजर धापा टाकत आमच्याकडे आला. "तो म्हातारा पाणी तोंडात घेईना! साहेबानं खुणेनं विचारलं तर मान हलवतो. त्याला म्हणावं काय झालंय?" वकीलसाहेबांनी मला पाठवलं, कारण रंगखात्याच्या वासानं त्यांचं डोकं दुखे.

मी जाऊन विचारलं. मामानं मला बाजूला नेलं आणि हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, देवासमोर बोललोय की मी, मला येत न्हाय म्हून. आता येतंय म्हणून हात घालू? हितं सरकार धरंल, आनि वर देव धरंल."

मी हसलो. आधी खूप हसलो, हे कबूल करतो. सोलापूर जिल्ह्यात रोज शेकडो माणसं शपथेवर काय काय सांगत होती आणि कचेरीच्या पायऱ्या उतरता उतरता विसरत होती. आमच्याकडच्या निम्म्या पक्षकारांचं पोट त्यावर चालत होतं. आणि हा एक भला माणूस स्वतःच्या सहीला मान देऊन, दहा वर्षं येत असलेलं काम येत नसल्यासारखा उभा होता. मी त्याला समजावलं. मास्तराचं काम येत नाही असं कागदात आहे. पाणी चाखू नये असं नाही. तोंडात घेणं, हात घालणं हे तर कागदात लिहिलंच आहे, तेव्हा ते केलं तर शपथ मोडत नाही, उलट पाळली जाते. हा युक्तिवाद मला तिथल्या तिथं सुचला आणि वकीलसाहेबांनाही नंतर फार आवडला.

मामानं बराच वेळ विचार केला. मग विहिरीच्या पाण्याचा पेला आणवला, घोट तोंडात घोळवून थुंकला आणि म्हणाला, "चुना नको. तुरटी थोडी."

त्या भट्टीचा काठ लाल निघाला.

साहेब बावळट नव्हता. मॅनेजरपेक्षा तर मुळीच नव्हता. त्यानं मामाच्या पुढं थर्मामीटर धरला आणि मामा ज्या क्षणी हात बाहेर काढील त्या क्षणी आकडा वाचायला सुरुवात केली. आठ दिवस वाचला. रोज आकडा तोच. मग त्यानं विहिरीचं पाणी नळीत घालून तपासायला घेतलं, आणि मामा "मऊ" म्हणाला की नळीतही मऊच निघे. ते सगळं त्यानं आपल्या जाड वहीत उतरवलं. पुढच्या दोन वर्षांत दोघांची अशी काही भाषा जमली, की तिच्यात अर्धी तेलुगू, थोडी मराठी, थोडी जर्मन आणि बाकी सगळे हात. साहेब त्याला "माइस्टर" म्हणायचा. त्याचा अर्थ मास्तरच, हे मामाला कुणीतरी सांगितलं तेव्हा तो लाजला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला ते ठाऊक झालं.

करार संपला तेव्हा साहेबानं मॅनेजरला इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली. हा माणूस रंगमास्तर आहे, मी त्याच्याकडून शिकलो, माझ्या जागी दुसरा आणू नये, असा तिचा मतलब. चिठ्ठीची नक्कल आमच्याकडे मत विचारायला आली, म्हणून मला ठाऊक. मामाची बायको तेव्हा चाळीत पान-सुपारी वाटण्याच्या तयारीला लागली होती.

वकीलसाहेबांनी चिठ्ठी वाचली, मग मला फाइल काढायला सांगितली. फाइलीत वरच तो कागद होता, माझ्या वळणदार अक्षरातला.

"हे पाहा," ते मॅनेजरला म्हणाले. "सरकारला आपण शपथेवर कळवलं आहे, की याला काम येत नाही. आता यालाच मास्तर नेमलं तर सरकार विचारील, मग जर्मन कशाला आणवला होता? तुम्ही अडचणीत याल. मीही." मॅनेजरला तेच ऐकायचं होतं. त्याला साहेबच हवा होता. अर्ज पुन्हा झाला. या वेळी काम फारच सोपं होतं, कारण पुरावा तयार होता. त्या प्रतिज्ञापत्राची खरी नक्कल मीच काढली. दोन महिन्यांत दुसऱ्या साहेबाची परवानगी आली.

मामा आमच्याकडे आला तो दुपारच्या सुट्टीत. नवा साहेब आदल्याच दिवशी उतरला होता. वकीलसाहेब जेवायला गेले होते. मामा रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर मला बरं वाटलं असतं.

"भाऊसाहेब, एक कागद उलटा लिवून द्या की. मला काम येतंय म्हून. मी पुन्यांदा शपथ घेतो."

मी त्याला सांगितलं ते कायद्याला धरून होतं. एकाच गोष्टीबद्दल दोन उलट शपथा झाल्या, की त्यातली एक खोटी ठरते. आणि खोट्या शपथेला तुरुंग आहे. "कोणती खोटी, ते कोर्ट तुम्हालाच विचारील," मी म्हणालो.

मामानं फाइलींच्या कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग त्यो पयला कागद तर वाचून दावा. मी ऐकलाच न्हाय त्यो अजून."

खरंच, त्यानं तो ऐकला नव्हता. कागद इंग्रजीत, मी सांगितलं ते थोडक्यात. मी फाइल काढली आणि ओळीओळीचं मराठी करून वाचायला लागलो. पाण्याची परीक्षा तोंडात घेऊन करतो. मामानं मान हलवली. उन्हाळ्यात चुना घालीत नाही, पावसाळ्यात घालतो. पुन्हा मान हलवली. हात पाण्यात घालून देवाचे नाव तीन वेळा घेतो. "बराबर," तो म्हणाला. काम झाले हे नजरेने ओळखतो. "बराबर. समदं बराबर लिवलंय की तुमी." तो खरोखर खूश दिसत होता. दहा वर्षांचं त्याचं काम कुणीतरी पहिल्यांदाच नीट लिहून काढलं होतं. मग मी शेवटची ओळ वाचली.

"हे कुटं आलं?" त्यानं विचारलं.

मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"न्हाय, वरचं समदं मी सांगितलं. कसं करायचं, ते सांगितलं. मग त्यात येत न्हाय ते कुटं आलं, भाऊसाहेब?"

"ती ओळ माझी आहे, मामा," मी म्हणालो.

मला तेव्हा जी लाज वाटली, तशी पुन्हा कधी वाटलेली नाही. ती ओळ खोडावी असं वाटलं, पण फाइलीतल्या कागदाला मी हात लावू शकत नव्हतो, आणि लावला असता तरी मूळ प्रत मुंबईला सरकारकडे होती. मी कागद घडी करून फाइलीत ठेवला. मामा ओटीवरून उठला, वहाणा पायांत घातल्या.

तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. सुट्टी संपली होती आणि त्याला वेळेवर पोचायला हवं होतं. नव्या साहेबाची पहिली भट्टी त्या दिवशी लागायची होती, आणि पाणी चाखायला गिरणीत दुसरं कुणी नव्हतं.